मांडी घातली, पण उठता येईना : साठीपुढच्या बायांनो, जरा इकडे या

कॉलेजरोडची काकू :

गेल्या मंगळवारी पुतणसुनेची मंगळागौर होती. नाशिकला गंगापूर रोडवर हॉल, मधे सतरंज्या, मागे भिंतीला लागून खुर्च्या. खुर्च्यांवर सगळ्या 'वयस्कर'. मी त्रेसष्ट वर्षांची. काय अंगात आलं कोण जाणे, ऐटीत पुढे जाऊन सतरंजीवर मांडी घातली. पूजा झाली, आरतीला सगळ्या उभ्या राहिल्या आणि मी खालीच. गुडघा दुखत नव्हता, पायाला मुंग्या नव्हत्या, चक्कर नव्हती. नुसती ताकदच लागेना. शेवटी नऊवारीतल्या दोन पोरींनी काखेत हात घालून मला वर घेतलं, हमाल पोतं घेतात तसं. एकीने वर विचारलं, "आजी, खुर्ची देऊ का?"

घरी आल्यावर बेडरूमचं दार लावून पुन्हा खाली बसून बघितलं. पलंगाची कड धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, कशीबशी उठले. ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाले असते, "मग बसतेस कशाला खाली?"

आणि खरं सांगू, तेच तर झालंय. गेली दहा-बारा वर्षं मी खाली बसतच नाही. जेवायला टेबल, ओटा उभ्याचा, देवघर भिंतीवर, संडास कमोडचा, भाजी निवडायला सोफा, केरफरशीला बाई. आमचं माहेर रविवार कारंजाजवळच्या वाड्यात. आई दिवसातून पन्नासदा उठबस करायची. हौस म्हणून नाही, सगळं घरच जमिनीवर होतं.

मी चालते बरं का. कृषीनगर ट्रॅकवर रोज चार फेऱ्या, सहा वर्षं झाली. चालतेय म्हणजे झालं, असं समजून होते.

मला बारीक व्हायचं नाही. सुरकुत्या असू देत. 'साठीतही तरुण दिसा'चे फॉरवर्ड मेहेरबानी करून पाठवू नका. घरात कोणी नसताना बाथरूममध्ये पडले तर माझं मला उठता यायला हवं, इतकंच. कोणी काही केलंय का? केलेलं सांगा, वाचलेलं नको.

रानजाई :

काकू, अगदी माझीच गोष्ट. मी तर हल्ली सत्यनारायणालाही 'गुडघे दुखतात' सांगून खुर्ची मागते. दुखत नाहीत. उठताना सगळे बघतात त्याची लाज वाटते.

शेवग्याची शेंग :

वाचतेय. धागा खाली जाऊ देऊ नका गं.

उंटावरचा शहाणा :

आमच्या मातोश्री अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत ठणठणीत होत्या. कधी जिम पाहिली नाही, कधी प्रोटीन मोजलं नाही. हल्ली सुखं वाढली आणि दुखणीही वाढली. रोज बारा सूर्यनमस्कार घाला, विषय संपला.

शेवग्याची शेंग :

दादा, तुमच्या मातोश्रींनी जातं ओढलं, विहिरीचं पाणी शेंदलं, गंगेवर जाऊन धुणी आपटली. जिमच होती ती, फक्त सुट्टी नव्हती. आणि जिला जमिनीवरून उठता येत नाही तिला तुम्ही बारा सूर्यनमस्कार सांगताय? पहिल्या नमस्कारातच ती साष्टांग राहील, उठवायला कोण येणार? तुम्ही?

(जाता जाता : मातोश्रींच्या वेळी त्या वयापर्यंत न पोचलेल्या बायकांचे किस्से कोणी सांगत नाही.)

कणाबाई :

काकू, मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदिरानगरला. तुमच्यासारख्या चालणाऱ्या बायका माझ्याकडे रोज येतात. सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं, "मी तर रोज चालते, मग असं का?"

सपाट ट्रॅकवर चालण्याने हृदय, साखर, झोप, मन सगळ्याला फायदा होतो. ते सोडू नका. पण खालून वर उठायला मांडीच्या पुढचे आणि कुल्ह्याचे स्नायू लागतात, आणि त्यांना सपाटीवर फार काम पडत नाही. वापरात नसलेला स्नायू वयाबरोबर झिजतो. बायकांत पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं, त्यामुळे पहिल्या काही वर्षांत हाडंही भराभर विरळ होतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलंय त्यात आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं आहेच, पण त्याच्या जोडीला दोन दिवस ताकदीचे व्यायाम आहेत, आणि पासष्टीपुढच्यांना तीन दिवस तोल सांभाळण्याचे. आपल्याकडे पहिला भाग सगळ्यांना पाठ आहे. उरलेले दोन कोणी सांगत नाही.

आधी स्वतःला मोजा. हात नसलेली, गुडघ्याएवढ्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे. मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. बायकांसाठी ६० ते ६४ वयात १२ पेक्षा कमी, ६५ ते ६९ मध्ये ११ पेक्षा कमी आणि सत्तरीत १० पेक्षा कमी आलं, तर पायांची ताकद कमी आहे आणि पडण्याचा धोका आहे असं धरतात. हाताचा आधार घेतलात तर शून्य. घरात कोणी असताना करा.

किती आले ते इथे लिहा. मग पुढचं सांगते.

कॉलेजरोडची काकू :

सात. आठव्याला हात सुटले आणि मांडी धरली गेली. ह्यांनी केले, पंधरा! वर म्हणतात, "सोपं तर आहे." आज भाजीत मीठ जास्त पडणार आहे.

रानजाई :

नऊ. वय ६६.

निवृत्त पण चालू :

पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? सौ. ६८, सहा आले. त्यानंतर दोन तास बोलली नाही माझ्याशी.

कणाबाई :

चालेल काका. रुसल्या म्हणजे मनावर घेतलंय.

आता कामाचं. सातवरून सुरुवात असेल तर हीच खुर्ची तुमची जिम. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. उठताना पटकन, बसताना मात्र चार आकडे मोजत हळू, धप्पकन नाही. ताकद त्या हळू बसण्यातून येते. आठवड्याने आठ-आठ, मग दहा-दहा. दहा सहज व्हायला लागले की खुर्चीऐवजी जरा बुटका पलंग, मग त्याहून बुटकं स्टूल. सोबत ओटा धरून टाचा वर-खाली. आणि तोल : दूध तापत ठेवलं की ओट्याला दोन बोटं टेकवून एका पायावर उभं राहायचं, मग पाय बदलायचा. तसंही दुधापाशी उभं राहावंच लागतं.

पडल्यावर उठणं हे मात्र वेगळं शिकायचं. आधी पडल्या जागी थांबा, काय दुखतंय ते बघा. कुल्हा किंवा मांडी सडकून दुखत असेल, पाय हलवता येत नसेल, डोकं आपटलं असेल, तर उठू नका, हाक मारा. तसं काही नसेल तर कुशीवर वळा. कोपरावर, मग तळहातांवर जोर देऊन रांगायच्या अवस्थेत या. रांगत खुर्चीपर्यंत किंवा पलंगापर्यंत जा. दोन्ही हात बैठकीवर टेकवा. ज्या पायात जास्त बळ आहे त्याचं पाऊल पुढे जमिनीवर सपाट रोवा, हात आणि पाय दोन्हींनी रेटा, आणि अंग वळवून बसा. लगेच उभं राहायचं नाही, जरा दम घ्यायचा. हे न पडताच, गादीवर, घरात कोणी असताना आठवड्यातून दोनदा करून बघा. पडल्यावर माणूस घाबरतं, तेव्हा नवीन काही सुचत नाही. अंगवळणी पडलेलं तेवढं होतं.

गुडघा बदललेला असेल, चक्कर येत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल तर कमरेत जोरात वाकायचे प्रकार नकोत, पाय सरळ ठेवून अंगठे धरणं वगैरे. शहाणे दादा, सूर्यनमस्कार वाईट नाहीत, पण अशा बाईला आल्याआल्या ते नको म्हणते ते यासाठी.

उंटावरचा शहाणा :

मान्य. मी आत्ता खुर्ची केली. तेरा. वय विचारू नका.

रानजाई :

हाडांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. चार वर्षांपूर्वी दारातल्या पायपुसण्यावरून घसरले, हात टेकला, मनगट मोडलं. प्लॅस्टर घातलं, दीड महिन्याने काढलं, 'बरं झालं' म्हणून सोडून दिलं. कोणीही मला म्हणालं नाही की उभ्याउभ्या पडून हाड मोडतं म्हणजे हाडात काही गडबड असू शकते. दोन वर्षांनी मुलीने हट्टाने डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजतात तो) करून घेतला. टी-स्कोअर उणे २.८. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेलं की त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, म्हणतात. म्हणजे ती दोन वर्षं माझी फुकट गेली. आता औषध सुरू आहे. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने ज्यांचं हाड मोडलंय त्यांनी ही तपासणी आपणहून विचारा. पायपुसणं त्याच दिवशी फेकलं.

दोन कप चहा :

व्यायामाबरोबर ताटाकडेही बघा. मी गेल्या वर्षी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते, त्यांनी तीन दिवस जे खाते ते लिहायला लावलं. लिहिल्यावर माझीच मला लाज वाटली. सकाळी चहा-खारी. दहाला रात्रीची उरलेली पोळी. दुपारी सगळ्यांचं झाल्यावर दोन पोळ्या, भाजी, आणि तळाशी राहिलेलं पातळ वरण. चारला पुन्हा चहा. रात्री 'मला भूक नाही' म्हणून वाटीभर खिचडी. त्यांनी बेरीज केली, दिवसाचं प्रोटीन पस्तीस ग्रॅमच्या आत. माझं वजन ५८. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबाने साध्या प्रौढ बाईला किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ४८ तरी. वय झालेल्यांना तज्ज्ञ किलोमागे एक ते १.२ सांगतात, म्हणजे ५८ ते ७०. मी निम्म्यावर होते, तेही रोज तीन वेळा सगळ्यांना वाढून.

आता काय करते : वरण घट्ट, आणि माझी वाटी आधी काढून ठेवते. सकाळी खारीऐवजी एक अंडं (ज्यांना चालत नाही त्यांनी पनीर किंवा दही). चारला मूठभर फुटाणे, त्यात सहा ग्रॅम निघतात. रात्री कपभर दूध. आणि मटकीची उसळ, ती काय नाशिककरांना शिकवायला नको, फक्त मिसळीवरची तर्री जरा हात राखून. किडनीचा त्रास असलेल्यांनी मात्र हे परस्पर वाढवायचं नाही.

कॅल्शियमचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यातच खजिना आहे. पेठ-सुरगाण्याची नागली. शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आपण मात्र पापडापुरती आणतो. हिवाळ्यात दिवसाआड भाकरी, वर तिळाची चटणी. पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला १२०० लागतं म्हणतात, त्यामुळे एका भाकरीने भागत नाही हेही खरं. दूध-दही हवंच.

शेवग्याची शेंग :

नागलीची भाकरी थापता येते का तुम्हाला? माझ्या तव्यावर जाईपर्यंत तिचा नकाशा होतो.

दोन कप चहा :

उकड काढा. उकळत्या पाण्यात पीठ घालून झाकून ठेवा, मग गरम असतानाच मळा. नकाशा झाला तरी पोटात गोलच होतो.

गोदाकाठ :

गोळ्यांबद्दल एक. मी थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या घ्यायचे आणि नाश्त्याबरोबर कॅल्शियमची. वर्षभर टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) जागेवर येईना, गोळीचा डोस वाढत गेला. शेवटी औषधाच्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "मावशी, दोन्ही एकाच वेळी घेता का?" त्या दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर घेत नाहीत, आणि चहाबरोबर तर नाहीच. आता कॅल्शियम जेवणानंतर घेते. आणि उन्हाचं : मी कौतुकाने बंद खिडकीतून येणाऱ्या कोवळ्या उन्हात बसायचे. काचेतून ऊब येते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण काच अडवते. गच्चीवर जावं लागतं.

मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्या शाकाहारी बायकांनी बी-१२ तपासून घ्या. माझ्या पायाच्या मुंग्यांना सगळे 'वय झालं' म्हणत होते. बी-१२ची कमतरता होती.

निवृत्त पण चालू :

सौ. खुर्ची करत नाही. म्हणते, "मला दिवसभर कमी काम आहे का?" काय करावं?

शेवग्याची शेंग :

काका, चहा तुम्ही करा आणि तेवढा वेळ तिला खुर्ची द्या. बसायला नाही, उठायला.

आत्ताच आलेली :

नवीन आयडी घेतला कारण जुन्या आयडीने मला इथे घरचे ओळखतात.

लिहू का नको करत चार दिवस गेले. मी ६१. खोकला, शिंक, जोरात हसणं, कशानेही थोडी लघवी होते. गेली पाच वर्षं. आमच्या भिशीची वणीच्या गडाची सहल होती. फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यापासून पायऱ्यांचाही प्रश्न नाही, सगळ्या निघाल्या. मी आदल्या रात्रीपासून पाणी बंद केलं, सकाळचा चहा नाही. गाडीत कोणीतरी विनोद केला, सगळ्या खदखदा हसल्या आणि मी मान खिडकीकडे करून बसले, हसू नये म्हणून. देवीसमोर उभी राहिले तेव्हा लक्ष सगळं साडीकडे. त्यानंतर मी कुठेच गेले नाही. फिरायला नाही, नाटकाला नाही, कालिदास नाट्यगृहात शेवटची गेले ते कधी आठवत नाही. घरी सांगते पाय दुखतात.

तुम्ही उठबस म्हणताय, मला उठतानाही होते. याला काही व्यायाम असतो का, की वयाचंच आहे?

रानजाई :

ताई, तुम्ही एकट्या नाही. मलाही. माझ्या जावेलाही. दोघी एका घरात राहिलो, एकमेकींना कधी सांगितलं नाही.

दोन कप चहा :

+१. (हे लिहायला मलाही हिंमत लागली.)

कणाबाई :

आत्ताच आलेल्या ताई, बरं झालं लिहिलंत. हे सर्रास आढळतं, पण 'वयाचं आहे, चालायचंच' असं नाही.

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं त्या झोळीवर. बाळंतपणं, पाळी जाणं, जुना खोकला, बद्धकोष्ठ, वजन, यांनी ती सैल पडते. खोकताना पोटातला दाब वाढतो आणि झोळी धरून ठेवू शकत नाही. ती घट्ट करायचे व्यायाम आहेत. वारा अडवताना आणि लघवी रोखताना जे आत ओढता तेच ओढायचं, मांड्या आणि पोट न आवळता, श्वास न कोंडता. पाच सेकंद धरा, पाच सेकंद पूर्ण सोडा. असे दहा, दिवसातून तीनदा. आधी झोपून, मग बसून, मग उभ्याने. प्रत्यक्ष लघवी करताना मधेच थांबवून सराव करू नका. फरक पडायला दीड ते तीन महिने लागतात, आठवड्यात सोडून देऊ नका. खुर्चीतून उठायच्या क्षणाआधी, शिंकेच्या आधी, ती झोळी आवळायची सवय लावा. बऱ्याच जणींना बराच फरक पडतो. नाही पडला तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणखी उपाय आहेत.

पाणी बंद करू नका. पाणी कमी झालं की लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं, उलट घाई वाढते, संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं आणि त्याने झोळीवर अजून ताण येतो. चहा कमी केलात तर चालेल. जळजळ, रक्त, किंवा एकाएकी वाढलेला त्रास असेल तर आधी डॉक्टर.

आणि विषय निघालाच आहे तर सगळ्यांनाच : पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी 'उष्णतेने झालं असेल' म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा. बहुतेक वेळा साधं काही निघतं, पण ते तपासल्यावर कळतं.

आत्ताच आलेली :

आत्ता वाचलं. दोनदा वाचलं. आजपासून सुरू करते.

पिंपळपार :

मी नाशिकरोडला राहते, ७१ वय. माझं दुखणं गुडघ्याचं नाही म्हणून गप्प होते. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. त्यानंतर पहिल्यांदा एटीएमसमोर उभी राहिले तर पिन माहीत नव्हता. पेन्शन कुठल्या खात्यात येते माहीत नव्हतं. मुलगा बंगळूरला. तो म्हणाला, "आई, तू काळजी करू नकोस, मी इथून सगळं बघतो." सहा महिने त्यानेच बघितलं. मग एकदा मला पाचशे रुपये हवे होते आणि त्यासाठी त्याला फोन करायला लागला. त्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं, रात्री डायरीत सगळं लिहून काढलं : खाती, एफडी, नॉमिनी, विमा. आता व्याजावर कर कापू नये म्हणून बँकेत द्यायचा फॉर्म एप्रिलमध्ये माझा मीच भरते. पहिल्या वेळी काउंटरवरच्या मुलीने तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा तिनेच पेन दिलं.

आणि भटकते. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी गाठली की फुकट. नाशिकरोडहून सिन्नर किती लांब, तरी चाळीस वर्षांत गोंदेश्वर बघितलं नव्हतं. एकटी गेले. सकाळचं ऊन, मधलं महादेवाचं देऊळ, चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं, सगळं यादवांच्या काळचं कोरीव काम, आणि मी पायरीवर बसून डब्यातली भाजी-पोळी खाल्ली. मिस्टरांबरोबर गेले असते तर पंधरा मिनिटांत 'चला' झालं असतं. देवा, हे लिहायला नको होतं.

एसटीची पहिली पायरी मात्र फार उंच असते. त्या एका पायरीसाठी मी कणाबाईंची खुर्ची सुरू केली आहे.

गोदाकाठ :

पिंपळपार, लिहायला हवं होतं. राहू दे.

शेवग्याची शेंग :

पांडवलेणीच्या पायऱ्या दर रविवारी चढते, दोन वर्षं झाली. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. कणाबाई, उतरताना जास्त का?

कणाबाई :

उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच सगळं वजन पेलतो आणि गुडघ्याच्या वाटीवर दाब वाढतो. त्याला तीच औषधं, हळू बसणं. कठडा धरा, उगीच ऐट नको.

उंटावरचा शहाणा :

घरात पडू नये म्हणून काय केलं तेही लिहा कोणीतरी. मी बाथरूममध्ये स्टीलचा दांडा बसवून घेतला, आणि रात्रीसाठी पलंग ते संडास एक छोटा दिवा. मिस्त्री म्हणाला, "टॉवेल रॉडच आहे ना, तोच धरा." टॉवेल रॉड माणसाचं वजन घेत नाही, भिंतीसकट हातात येतो. वेगळा घ्या.

रानजाई :

शाब्बास दादा, आता कसं बोललात!

माझी भर : लांब गाऊन. रात्री उठताना पायात येतो. मी सगळे चार बोटं आखूड करून घेतले. आणि पलंगावरून उठताना मिनिटभर कडेला बसायचं. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभं राहिलं की अंधारी येते.

कॉलेजरोडची काकू :

धागा वर काढतेय. तीन महिने झाले.

खुर्ची आता अकरा. बारा अजून नाही. डावा गुडघा कटकट आवाज करतो, दुखत नाही, कणाबाई म्हणाल्या आवाजाला घाबरू नका. एका पायावर उजवीकडे बरी आहे, डावीकडे दूध उतू जायच्या आतच पाय टेकतो. दिवाळीच्या दिवसांत आठ दिवस काहीच केलं नाही, अनारशांच्या भरात, आणि परत आठवर आले होते. फार चिडचिड झाली. फुटाणे चालू आहेत. नागली आणली, भाकरी जमली नाही, आंबील करते.

जमिनीवरून उठणं. गेल्या आठवड्यात तुळशीचं लग्न झालं, खाली बसूनच सगळं केलं. उठताना पाट बाजूला सरकवून त्यावर एक हात टेकला, गुडघा टेकला, आणि उठले. सुंदर काही दिसलं नसणार. कोणी बघतही नव्हतं, सगळे फटाक्यांकडे होते.

सावानातून (सार्वजनिक वाचनालयातून) घरी येताना सुचलं : कणाबाई, रानजाई, शेंग, पिंपळपार, आत्ताच आलेल्या ताई, ज्यांना जमेल त्या रविवारी सकाळी सातला कृषीनगर ट्रॅकच्या फाटकाशी याल का? दोन फेऱ्या, मग बाकावर दहा-दहा उठाबशा. नऊवारी नको. थंडी आहे, स्वेटर आणा. दोन कप चहाबाईंनी थर्मास आणावा, नावाला जागावं.

पिंपळपार :

सिटीलिंकच्या बसने येते. थालीपीठ आणते.

दोन कप चहा :

थर्मास दोन आहेत. एक बिनसाखरेचा.

आत्ताच आलेली :

मलाही यायचं आहे. पूर्वीइतकं होत नाही आता, पण भरवसा नाही. तिथे जवळपास सोय आहे का, तेवढं आधी सांगा.

कॉलेजरोडची काकू :

माझं घर ट्रॅकपासून पाच मिनिटांवर आहे. ताई, किल्ली तुमच्याकडेच देऊन ठेवते. या.